बेळगाव, सीमावाद हे शब्दच जाहिरातीतनं ब्लॉक करायचे का?

शहापूरचा कुंदेवाला: आमचं गिऱ्हाईक मराठी पण, कन्नड पण. गेल्या नोव्हेंबरात व्हिडिओवर जाहिरात चालू केली आणि एका नेहमीच्या कन्नड गिऱ्हाइकानं स्क्रीनशॉट दाखवला, सीमावादावर आईबहिणीवरनं शिव्या चाललेल्या व्हिडिओच्या आधी आमचा कुंदा (खव्याची मिठाई)! "तुम्ही ह्यांना पैसे देतासा काय?" म्हणाले. लाजच वाटली, कारण त्या व्हिडिओवाल्याला मी ओळखत नाही पण जाहिरातीतला वाटा त्याला गेलाच की. आता एजन्सीवाला म्हणतोय सीमावाद, काळा दिन, आंदोलन, दगडफेक सगळे शब्द निगेटिव्ह लिस्टमध्ये टाकूया, म्हणजे ते शब्द असतील तिथं जाहिरात दिसणार नाही. मला पटालंय.

खानापूरचा बातमीदार: दादा, असं करू नका. 1 नोव्हेंबरचा काळा दिन, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, 17 जानेवारीचा हुतात्मा दिन, आमच्यासारख्या छोट्या पोर्टलचं वाचन ह्याच दिवसांत असतंय. शिव्या देणारा टायटल कन्नडात नाहीतर इंग्रजी अक्षरात टाकतो, तुमची मराठी लिस्ट त्याला काय अडवणार? अडकतो तो सरळ बातमी लिहिणारा. 2020 ला कोरोना शब्द ब्लॉक केल्यामुळं मोठमोठ्या पेपरांच्या वेबसाइटवर वाचक वाढले आणि जाहिराती गेल्या, ते विसरला काय?

वडगावकर: पोर्टल जगवायचं काम मिठाईवाल्याचं न्हवं. 2020 लाच बजाज ऑटो आणि पार्लेनं विष पेरणाऱ्या न्यूज चॅनेलना जाहिरात देणार नाही म्हणून उघड सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हे छोट्या दुकानदारानं केलं तर चूक कसं?

खानापूरचा बातमीदार: त्यांनी चॅनेल बघून नाही म्हटलं, शब्द बघून न्हवं! तोच तर फरक सांगालोय. आणि लिस्टमध्ये "बेळगाव" घातलंसा तर तुमच्याच गावच्या गिऱ्हाइकाला जाहिरात दिसणार कुठं?

निपाणीकर (जाहिरातीच्या कामातला): आधी रिपोर्ट काढा, जाहिरात नेमकी कुठं कुठं दिसली त्याची यादी मिळते. गूगल ॲड्स असेल तर इन्व्हेंटरी टाइप (कसल्या मजकुरावर जाहिरात चालेल ते सेटिंग) पण बघा, एक्स्पांडेड असेल तर स्टँडर्ड नाहीतर लिमिटेड करा, आणि नको ते चॅनेल नावानं वगळा. हे दुखणं मोठ्यांना पण झालेलं. 2017 च्या सुरुवातीला लंडनच्या द टाइम्सनं अतिरेक्यांच्या व्हिडिओवर नामांकित कंपन्यांच्या जाहिराती दाखवून दिल्या, मग एटी अँड टी, व्हेरायझननं यूट्यूबवरच्या जाहिराती थांबवल्या. त्यानंतर जानेवारी 2018 मध्ये चॅनेलवाल्यांना जाहिरातीतनं कमाईसाठी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तास बघितलं जायची अट आली. तरी शंभर टक्के कुठलंच सेटिंग अडवत नाही, हे माझ्या क्लायंटना मी आधीच सांगतो.

शहापूरचा कुंदेवाला: रिपोर्ट काढला रात्री. शिव्यांचं चॅनेल एकच ओळ, आणि निम्म्याहून जास्त पैसे पोरांच्या कार्टूनवर आणि गेमच्या ॲपवर गेलेत! तीन वर्षाचं पोर कुंदा मागवणार आहे काय? एजन्सीवाल्यानं हे कधी दाखवलंच नाही. ती सगळी वगळली, ते चॅनेल पण. शब्द घातले नाहीत.

वडगावकर: एक चॅनेल वगळलंसा, नोव्हेंबरात दहा नवीन येतील.

शहापूरचा कुंदेवाला: म्हणून 31 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर जाहिरातच बंद ठेवणार आहे.

खानापूरचा बातमीदार: म्हणजे आमचे तेच तीन दिवस गेले की दादा. त्यापेक्षा आमच्या पोर्टलवर थेट बॅनर द्या, बातमी आधी वाचून बघा आणि मग ठरवा.