एकट्या राहणाऱ्या आईबाबांना डबा लावून दिला की झालं?

पैलतीर:
स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ दे. आई गेल्यावर बाबांना दोन वेळचा डबा लावला, पैसे मी भरतो, डबा वेळेवर पोचतो, मी निर्धास्त. आठ महिन्यांनी गेलो तर पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं, फ्रीजमध्ये "रात्री खाईन" म्हणून ठेवलेल्या वाट्यांची रांग, आणि वजन 64 वरून 58. माझं मत झालंय की डब्याने आपलं मन शांत होतं, त्यांचं पोट भरतंच असं नाही. समोर कोणी बसलं की माणूस चार घास जास्त खातो, तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी सोबत जेवा, लांब असाल तर व्हिडिओ कॉल लावा.

कामाची_घाई:
अजिबात पटलं नाही. आईचे गुडघे गेलेत, ओट्याशी दहा मिनिटं उभं राहवत नाही, डबा नव्हता तेव्हा चहा-बिस्किटांवर दिवस काढायची आणि मला फोनवर "जेवले गं" सांगायची. सोबत जेवा हे म्हणायला सोपं आहे हो, माझी नोकरी, दोन मुलं, प्रवास… मग आधी निदान अन्न तरी घरात येऊ दे ना!

मोजूनमापून:
मी आहारतज्ज्ञ आहे, तुम्ही दोघंही तोंडात बघायला विसरलात. कवळी सैल झाली की माणूस चावायचं सगळं गुपचूप सोडतो आणि मऊ, गोड तेवढंच खातो. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, चव जाते, वयाबरोबर तहानही कमी लागते. त्यात वीस वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलेलं पथ्य अजून चालूच, मीठ नाही तेल नाही, मग ते बेचव जेवण जाणार कसं? (पथ्य आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना परत विचारा.)
सहा महिन्यांत मुद्दाम न करता 5 टक्के वजन उतरलं तर "वय झालं" म्हणून सोडायचं नाही. प्रोटीन म्हाताऱ्या माणसाला कमी नाही, उलट जास्त लागतं, किलोमागे रोज साधारण 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. नाहीतर स्नायू झिजतात आणि मग खुर्चीतून उठतानाही हात टेकावे लागतात. किडनीचा आजार असेल तर मात्र हा आकडा लावू नका.

कामाची_घाई:
मग सरळ प्रोटीन पावडरच दिली तर?

मोजूनमापून:
देता येते, पण जेवणाऐवजी नको. पावडर पिऊन पोट भरलं म्हणून जेवण सोडलेले पेशंट बघितलेत मी.

सत्तरी_पार:
वय 76, एकटा राहतो. आमच्यावर एवढी चर्चा चाललीय, आम्हाला विचारलंय कोणी? मुलगा व्हिडिओ कॉलवर घास मोजतो, "बाबा, भाजी संपवा". अरे मी तुला भरवलंय! मला स्वयंपाक येतो, आवडतो. अडतं कुठे तर बरणीचं झाकण फिरत नाही, जड पिशवी जिन्यावरून आणवत नाही, आणि पाकिटावरचं बारीक अक्षर दिसत नाही. तेवढं करा, बाकी माझं मी बघतो. डबा लावला त्या दिवशी मला वाटलं, चला, आता ओट्यावरूनही रिटायर.

पैलतीर:
काका, हे लागलं. पण तुम्हाला आवड आहे, आमच्या बाबांनी आयुष्यात गॅस पेटवला नाही, त्यांना आता "तुमचं तुम्ही करा" म्हणणं म्हणजे उपाशी ठेवणंच की. व्हिडिओ कॉलचं मात्र मागे घेतो.

सत्तरी_पार:
न येणाऱ्याला शिकवता येतं. मीही साठीनंतरच शिकलो, पहिले सहा महिने सगळं करपलेलं खाल्लं.

पैलतीर:
अपडेट. कवळी खरंच सैल निघाली, शनिवारी दाखवायला नेतोय. डबा बंद करू का विचारलं तर बाबा नाहीच म्हणाले, कारण काय तर डबा आणून देणारा मुलगा रोज दारात पाच मिनिटं गप्पा मारतो. जेवणाबद्दल एक शब्द नाही.