जजमेंटल है क्या – सेकंड हाफ मला तरी आवडला
लंडनला गेल्यावर पिक्चर घसरतो असं बऱ्याच जणांचं मत दिसतंय, पण मला तोच भाग जास्त भिडला. बॉबी (कंगना रनौत) डबिंग आर्टिस्ट, ज्या कॅरेक्टरला आवाज देते तीच होऊन बसते, त्यामुळे केशववरचा (राजकुमार राव) तिचा खुनाचा संशय खरा की डोक्यातला हे आपल्यालाही शेवटपर्यंत कळत नाही, आणि तिकडे रामायणाच्या नाटकात सीताच रावणाला शोधत निघते ही कल्पना तर जबरदस्तच! राजकुमार रावचा साधा चेहरा बघून कोणाला खुनी वाटेल, कास्टिंग तिथंच जिंकलंय. सतीश कौशिक आणि ब्रिजेंद्र काला पण मस्त. क्लायमॅक्स मात्र फार घाईत उरकलाय, तिथं अजून वेळ द्यायला हवा होता.