रोजच्या छोट्या गाडीला टर्बो की साधं इंजिन? माझं मत साध्याला

घाटमाथा

मेहुण्याला गाडी घ्यायची आहे. मारुतीची फ्रॉन्क्स ठरली, रंगसुद्धा ठरला, आणि घोडं अडलंय इंजिनावर. एकीकडे चार सिलिंडरचं 1.2 लिटर साधं पेट्रोल, 90 पीएस ताकद आणि 113 एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. दुसरीकडे तीन सिलिंडरचं 1.0 लिटर टर्बो, म्हणजे पंख्यानं जादा हवा दाबून भरणारं, 100 पीएस आणि 148 एनएम. तो चिंचवडला राहतो, ऑफिस हिंजवडीला. महिन्यातून एकदा उंब्रज-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आईवडिलांकडे जातो. मी त्याला साधं इंजिन घे म्हणतोय आणि घरात एकटा पडलोय.

माझं म्हणणं असं. त्याच्या गाडीचं आयुष्य वाकडच्या पुलाखाली जाणार आहे. पहिला गिअर, दुसरा गिअर, क्लच, ब्रेक. तिथे इंजिन 1,000 ते 1,500 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) मध्ये घुटमळतं. टर्बो फिरतो तो एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर, आणि त्या वेगाला एक्झॉस्टमध्ये जोरच नसतो. म्हणजे 148 एनएम कागदावर, आणि पायाखाली एक लिटरचं लहानसं इंजिन. मग 1,800-2,000 च्या पुढे टर्बो जागा होतो आणि गाडी एकदम पुढे झेपावते, नेमकी समोर रिक्षा थांबलेली असताना. साध्या इंजिनात पाय जेवढा, गाडी तेवढी. रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची.

सर्टिफाइड अ‍ॅव्हरेज मॅन्युअल गिअरला 21.79 विरुद्ध 21.5. म्हणजे तिथेही टर्बोचा फायदा नाही. मग कशासाठी?

चढण

कशासाठी ते सांगतो. तुम्ही कुंभार्ली एका ओळीत उरकलात, म्हणून.

मे महिना. गाडीत पाच माणसं, एसी चालू, डिकीत फणस आणि आंब्याच्या दोन पेट्या. पोफळी सोडली, घाट सुरू झाला आणि पुढे मालानं भरलेला ट्रक, ताशी 20 नं. आपण दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन 2,000 आरपीएमच्या आसपास. दोन वळणांच्या मध्ये जेमतेम सरळ रस्ता मिळतो. तुमच्या साध्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क येतो 4,400 ला. दुसऱ्यात ठेवावी तर गाडी उचलत नाही, पहिला टाकावा तर इंजिन नुसतं ओरडतं. मी वडिलांच्या 1.2 मध्ये अर्धा ट्रक पार करून परत मागे आलोय. वरून एसटी उतरत होती. तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे.

टर्बोचा पूर्ण टॉर्क 2,000 ला हजर असतो. त्याच गिअरमध्ये पाय दाबला की ट्रक मागे. हौसेच्या वेगाशी याचा काही संबंध नाही. उलट्या लेनमध्ये मी किती सेकंद राहणार, एवढाच प्रश्न आहे. महिन्यातून एकदाच जात असेल, पण त्या एकदाच आख्खं कुटुंब गाडीत असतं.

लाल रेषा

चढण, तुमचा अनुभव खरा, पण दोष इंजिनाचा नाही, पद्धतीचा आहे. मी अमेझ 1.2 चालवतो. 110 एनएम, तेही 4,800 ला! तरी कुंभार्ली, आंबोली, अणुस्कुरा, सगळे घाट भरल्या गाडीनं केलेत.

ट्रकच्या ढुंगणाला चिकटून राहायचंच नाही. तीन-चार गाड्यांचं अंतर ठेवायचं, वळण संपायच्या आधी दुसऱ्या गिअरमध्ये वेग घ्यायला सुरुवात करायची, म्हणजे रस्ता मोकळा दिसतो त्या क्षणी इंजिन 3,500 ला पोचलेलं असतं. नाही दिसला तर पाय सोडायचा. बस.

आपल्याला गाडी शिकवतानाच सांगतात, आवाज वाढला की वरचा गिअर टाक, इंजिनाला रडवू नकोस. माझ्या वडिलांनीही हेच शिकवलं. पण पेट्रोल इंजिन 4,500 ला रडत नाही, ते त्याचं कामच आहे. उलट चौथ्या गिअरमध्ये 1,200 वर चढ चढवला की ते खरं कुथतं.

चढण

तुम्ही ठेवलेल्या अंतरात मागची गाडी घुसते, हे घाटात जाणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि पद्धतीचं म्हणाल तर मला उलटंच वाटतं. ज्याला गाडी चालवायची आवड आहे, तो साध्या इंजिनातून सगळं काढून घेतो. पण माझी बायको किंवा वडील, ज्यांना गाडी फक्त घरी पोचायला हवी असते, ते कुठे आरपीएम मोजत बसणार? त्यांच्यासाठीच टर्बो जास्त योग्य. गिअर चुकला तरी गाडी सांभाळून घेते.

अजून एक. हवा विरळ झाली की साध्या इंजिनाचा दम कमी होतो. पुण्यातच समुद्रसपाटीपेक्षा 5-6 टक्के कमी, महाबळेश्वरला 12 ते 15 टक्के. 90 पीएसची गाडी तिथे 78 च्या आसपास उरते. टर्बो स्वतः हवा दाबून भरतो, त्यामुळे त्याला हा फटका फारसा बसत नाही. कुंभार्ली एवढा उंच नाही, हे मान्य.

ग्रीसचे हात

सांगलीजवळ गॅरेज आहे माझं, एकोणीस वर्षं झाली. दोघांचंही वाचलं. विकत घेतानाचा हिशेब सगळे करतात, मी सातव्या वर्षाचा सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एक टर्बो पेट्रोल आली, 78,000 किलोमीटर झालेली. तक्रार काय, तर पिकअप गेला आणि सकाळी निळा धूर येतो. पाइप काढला तर आत ऑइलनं ओला. टर्बोचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला, तर खडखडला. चांगल्या टर्बोत तो हाताला जेमतेम जाणवेल एवढाच हलतो. तो शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि फिरतो कशावर, तर ऑइलच्या पातळ थरावर. या साहेबांनी ऑइल बदललं होतं 17,000 किलोमीटरला, तेही मिळेल ते स्वस्तातलं. लेबर धरून बिल 60 हजारांच्या पुढे गेलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

टर्बो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर पडलेल्या टर्बो गाड्या लाखाच्या वर गेलेल्या मी बघतो. घाट चढून किंवा एक्स्प्रेसवेवर पळवून आलात तर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर चालू राहू द्या. नाहीतर आत ऑइल जळून कोळसा धरतं. पण हे पाळणारे शंभरात किती? साध्या इंजिनावर असाच अन्याय केला तर ते कुरकुरत का होईना, चालत राहतं. म्हणून गिऱ्हाइकानं विचारलं तर मी आधी त्याची सर्व्हिसची वही मागतो आणि मग इंजिन सांगतो. सेकंडहँड टर्बो वहीशिवाय घेऊच नका.

लाल रेषा

ग्रीसचे हात, मनापासून आभार. माहितीपत्रकात हे कुणी छापत नाही.

दीड लिटर

तुम्ही सगळे चुकीच्या जोडीची तुलना करताय. 1.0 टर्बोची बरोबरी 1.2 शी नाहीच, ती 1.5 लिटरच्या साध्या इंजिनाशी आहे. ब्रेझाचं 1.5 बघा. 103 पीएस, 137 एनएम. टर्बोचं झंझट नाही, चार सिलिंडर, आणि खालच्या आरपीएमलाही ताकद पुरते.

मग छोट्या गाड्यांत अशी इंजिनं का नाहीत? कारण कर. चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी 1,200 सीसीपर्यंत असेल तरच छोटी. 22 सप्टेंबर 2025 पासून तिला 18 टक्के जीएसटी, आणि ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही इंजिन मोठं म्हणून तिला 40. नेक्सॉनचं 1.2 टर्बो 120 पीएसचं, ब्रेझापेक्षा ताकदवान, तरी कर 18 टक्के. सीसीवर कर लावला की कंपन्या लहान इंजिनात हवा कोंबणारच. मला हे मनापासून खटकतं. एक आख्खा चांगला पर्याय करामुळे सामान्य माणसाच्या हातातून गेलाय आणि आपण उरलेल्या दोघांत भांडतोय.

चढण

कराचं पूर्ण पटलं. पण घाटमाथांच्या मेहुण्याला गाडी आत्ता हवी आहे, कायदा बदलेपर्यंत तो थांबणार नाही.

रोजचे पन्नास

माझ्याकडे टर्बो आहे, रोज 50 किलोमीटर. अ‍ॅव्हरेजबद्दल स्वतःच्या वहीतलं सांगते. हायवेला 90 नं गेले तर 18 मिळतं, शहरात ट्रॅफिक असेल तर 11 वर येतं. आधीच्या साध्या 1.2 ला त्याच रस्त्यावर 14 मिळायचं. टर्बोत पाय जरा जड पडला की पेट्रोल लगेच दिसतं. तरीही परत घ्यायची झाली तर टर्बोच घेईन, पण ऑटोमॅटिकमध्ये. घाटमाथा म्हणतात तो सुरुवातीचा मेलेला पट्टा टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) बराचसा झाकून टाकतो. मॅन्युअल टर्बो रोजच्या ट्रॅफिकला घेऊ नका, डावा पाय दुखायला लागतो.

घाटमाथा

चढण, तुमचं एसटीचं वाचून मी थांबलो. ओव्हरटेकचा मी विचार केला होता तो हायवेचा, 20 च्या वेगाला चढावर अडकण्याचा केलाच नव्हता. तिथे तुमचं बरोबर आहे आणि मी ते मेहुण्याला सांगितलं.

पण ग्रीसचे हात यांनी विचारलेली वही त्याच्याकडे मागितली. जुन्या गाडीची शेवटची तीन ऑइलं 14,000, 16,000 आणि 15,000 किलोमीटरला बदललेली आहेत. त्याच्या हातात मी टर्बो देणार नाही. शनिवारी साधी 1.2 घेऊन कात्रजच्या जुन्या घाटात जातोय, पाच माणसं बसवून, एसी लावून. लाल रेषा म्हणतात तसं अंतर ठेवून चालवायला मी त्याच्या शेजारी बसून शिकवणार आहे.

चढण

शनिवारी घाटात ट्रक भेटला तर काय झालं ते इथे लिहा. आणि मागच्या सीटवर बायकामुलं असताना तो तसाच चालवेल का, हेही त्यालाच विचारा.