मदत हवी आहे: कामासाठी भरवशाचा हेडलॅम्प कुठला घेऊ?

पाना_पक्कड
हेडलॅम्प घ्यायचाय, कामासाठी. आत्ता जो हाय तो ऐन कामात फटदिशी बंद पडालाय, आणि चालू असतोय तवा मधोमध एकच पांढराफेक गोळा पडतोय, तिथं नुसतं चकाकतंय आणि बाजूला काळोख. घरी येस्तोवर कपाळ ठणकाय लागतंय. ऑनलाइन बघाय गेलं तर एक म्हणतोय 10,000 लुमेन, दुसरा म्हणतोय 50,000, फोटो सगळ्यांचे सेमच. बजेट दोन-तीन हजार. कुणी वापरलेला असंल तर मॉडेल सांगा, सोमवारपासनं मोठं काम सुरू हुतंय, त्याच्या आधी हातात पाहिजे.

स्प्लेंडर_जुनी
भावा एलईडी बल्ब घालायचा विचार करत असशील तर थांब. स्प्लेंडरला मूळचा हॅलोजन 35/35 वॅटचा येतोय आणि आतला रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या जागेच्या हिशोबानं बनवलेला असतोय. त्यात बाजारातला एलईडी कोंबला की उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी वर उडतोय, समोरच्याच्या डोळ्यात जातोय. त्यापेक्षा काच आतनं-बाहेरनं पुसून घे, होल्डरचं अर्थिंग बघ, निम्मं काम तिथंच हुतंय.

पाना_पक्कड
गाडीचा न्हवं ओ. डोक्याला बांधायचा.

उसाचा_फड
डोक्याचा असंल तर मी सांगतो. रात्रीच्या लाईटीवर पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाला लांब मारा पाहिजे, सरीच्या दुसऱ्या टोकापतुर पाणी पोचलं का ते बांधावरनं दिसाय पाहिजे. आणि नुसत्या हेडलॅम्पवर जाऊ नका, हातात एक बॅटरी कमरेइतकी खाली धरा. डोक्यावरचा उजेड आपल्या नजरेच्या रेषेतच पडतोय त्यामुळं सावली दिसत न्हाई, सगळं सपाट दिसतंय, पाल्यात घोणस पडलेली असली तर कळत न्हाई. खालनं तिरका उजेड मारला की सावली पडती आणि मग दिसती. हे ध्यानात ठेवा, जिवाचा प्रश्न हाय.

सौरपंप_आजरा
फड, आमच्याकडं सौर फिडर झाल्यापासनं दिवसा लाईट येती, रात्रीचं जायचं बंद झालं. तुमच्या गावात अर्ज केलाय का न्हाई?

उसाचा_फड
केलाय. जागेवरनं अडलंय. त्याचा वेगळा धागा काढा, तिथं सगळं सांगतो.

पन्हाळा_पावनखिंड
तीन ट्रिपल-ए सेलवाला साधा घ्या, सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघालो की धुकं असं असतं की डोक्यावरचा पांढरा दिवा समोर भिंतच उभी करतो. तिथं हातातली बॅटरी खाली धरावी लागते, हे फड यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आणि लाल दिव्याचा मोड असलेलाच घ्या, त्यानं अंधाराला सरावलेली नजर जात नाही. परवडत असेल तर फेनिक्सचा एचएम65आर बघा, त्यात लांब माऱ्याचा आणि पसरट असे दोन वेगळे दिवे आहेत. बजेटच्या बराच बाहेर जाईल पण.

उजेड_मोजणारा
पाना_पक्कड, तुम्ही अजून काम काय आहे तेच सांगितलेलं नाही. जे बघायचं ते किती अंतरावर असतं? उभं राहून, वाकून की आडवं पडून? हेल्मेट असतं का? चष्मा आहे का? धूळ, तेल, पाणी? सलग किती वेळ लागतो? आत्ताचा दिवा कुठल्या सेलवर चालतो? एवढं सांगा, नाहीतर शेतकरी शेतातला सांगणार आणि ट्रेकवाले डोंगरावरचा.

पाना_पक्कड
काम म्हणजे मेंटेनन्स, दुसरं काय. शिरोलीत फाउंड्रीत फिटर हाय. सँड प्लांटचा कन्व्हेअर, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक, वेळ पडली तर लाईटीचा पॅनलपण उघडावा लागतोय. अंतर हातभर. निम्मा वेळ उताणा पडून पट्ट्याखाली. हेल्मेट कंपल्सरी. चष्मा हाय. काळी वाळू सगळीकडं, पाणी फारसं न्हाई. शटडाऊन असला की पुरी शिफ्ट लागतोय. आत्ताच्याला पुढं दिवा आणि डोक्याच्या मागं बॅटरीचा डबा हाय, आत दोन जाड सेल, वर 9900 एमएएच छापलंय. आता तरी मॉडेल सांगा.

उजेड_मोजणारा
आता बोलता येईल. तुमचं सगळं काम हातभर अंतरावर आहे, तर लुमेनचा आकडा डोक्यातून काढून टाका. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, तो एका जागी गोळा होतो की पसरतो हे त्यातून कळत नाही. ते कळतं कॅन्डेलावरून, म्हणजे एका दिशेला उजेड किती जोरात जातो त्यावरून. लांब माऱ्याच्या दिव्याचं मधलं तेज समजा 10,000 कॅन्डेला धरलं, तर अर्ध्या मीटरवर ते 40,000 लक्स होतं (लक्स म्हणजे त्या जागेवर पडणारा उजेड). बारीक कामाच्या टेबलावर 500 ते 750 लक्स पुष्कळ होतात. म्हणजे गरजेच्या पन्नास ते ऐंशी पट उजेड एका ठिपक्यावर, आणि तेलकट शाफ्टवरून तोच परत तुमच्या डोळ्यात. बाहुली आकसते, बाजूचं काही दिसेनासं होतं, मान फिरवली की ती परत मोठी व्हायला बघते, शिफ्टभर हेच चाललेलं असतं. कपाळ ठणकणारच.

तुम्हाला पसरट झोत पाहिजे, कडा न दिसणारा. 90 अंशांच्या आसपास पसरणारा 150 लुमेनचा दिवा 40 सेंमीवर साधारण 500 लक्स देतो आणि एवढा उजेड एका चांगल्या सेलवर कितीतरी तास टिकतो. काच दुधी किंवा खरखरीत असलेला बघा, झूमवाला बिलकुल नको.

बंद पडण्याचं कारण त्या 9900 मध्येच आहे. ते जाड सेल म्हणजे 18650, 18 मिमी जाड आणि 65 मिमी लांब. त्या मापाचा चांगल्यातला चांगला सेल 3500 एमएएचच्या आसपास असतो. त्याच्या जवळपास तिप्पट छापणाऱ्यानं आत काय भरलं असेल? व्होल्टेज खाली आलं की संरक्षणाचं सर्किट एकदम तोडतं, आधी मंद वगैरे काही होत नाही.

चांदी_हुपरी
सेल खरा की खोटा हे वजनावर लगेच कळतंय. आमच्या काट्यावर ठेवून बघितलेलं हाय, चांगला 18650 पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतोय, बोगस त्याच्या निम्म्या-पाऊणवर. कुठल्याबी सराफाकडं जावा, दोन मिनटात वजन करून देतील.

आणि आमच्या कामाचं एक सांगतो. पैंजणाचा डाग, म्हणजे सांधा जोडायचा धातू, लावताना निळसर पांढऱ्या उजेडात चांदी आणि डाग एकसारखंच दिसतंय. त्यामुळं आम्ही 4000 ते 5000 केल्विनचा (आकडा वाढंल तसा उजेड निळसर) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरा दिसतोय त्याचा शंभरातला आकडा, 90 च्या वरचा दिवा बघून घेतो. रंग खरा दिसतोय आणि डोळा शिणत न्हाई.

थ्री_फेज_काका
हुपरीकरांचा मुद्दा फिटरलासुद्धा लागू आहे. कंट्रोल पॅनलमध्ये लाल, तपकिरी आणि केशरी वायर 6500 केल्विनच्या स्वस्त एलईडीखाली एकमेकींत मिसळतात. साधा एलईडी सीआरआय 70 च्या घरातला असतो आणि त्यात तांबड्या रंगाची बाजू सर्वात लंगडी. दुकानात जाताना खिशात लाल आणि तपकिरी वायरचे दोन तुकडे घेऊन जा, दिव्याखाली शेजारी धरा. फरक कळला तर घ्या, नाही कळला तर ठेवून या. खोक्यावरचं काही वाचायची गरज नाही.

गॅरेज_उद्यमनगर
एवढं काय करत बसलाय. एल आकाराचा घ्या, पट्ट्यातनं काढता येतोय आणि बुडाला मॅग्नेट असतंय. बॉनेटला चिकटवला, चेसीला चिकटवला, दोन्ही हात मोकळे. उताणा पडून काम करणाऱ्याला मागं डबा असलेला चालतच न्हाई, डोकं टेकलं की तो डबा रुततोय आणि दिवा कपाळावरनं वर सरकतोय. एल आकारात सेल पुढंच आडवा असतोय, मागं नुसता पट्टा. आर्मीटेकचा विझार्ड त्यातला राजा हाय. महाग हाय पण एकदाच घ्यायचा.

थ्री_फेज_काका
मॅग्नेटला माझा सक्त विरोध आहे. धातूचं बूड असलेला दिवा पॅनलच्या दाराला चिकटवायचा, कुणीतरी दार ढकलणार, तो सुटून बसबारवर, म्हणजे आतल्या करंटच्या उघड्या पट्ट्यांवर पडणार. 415 व्होल्टच्या दोन फेजमध्ये धातूचा तुकडा पडला तर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय ते पॅनलजवळ मॅग्नेटचं नाव काढत नाहीत. पॅनलसाठी प्लास्टिक बॉडीचाच दिवा, आणि तोही डोक्याला घट्ट बांधलेला.

गॅरेज_उद्यमनगर
काका पॅनल चालू ठेवून काम कराय सांगितलंय कुणी? आयसोलेटर म्हणजे मेन स्विच पाडायचा, कुलूप लावायचं, मग हात घालायचा.

थ्री_फेज_काका
आयसोलेटर पाडला तरी त्याच्या वरची येणारी बाजू जिवंतच असते, भावा. तेवढी जागा पुरते.

उजेड_मोजणारा
दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, पण फाउंड्रीत मॅग्नेटचा आणखी एक त्रास आहे. हवेत आणि वाळूत लोखंडाचा कीस असतो. मॅग्नेटवर त्याची दाढी उगवते, आणि काही दिव्यांचं चार्जिंगच मॅग्नेटच्या टोकावर असतं, तिथं कीस बसला की कॉन्टॅक्ट बिघडतात. विझार्डचं चार्जिंग त्याच प्रकारचं आहे. म्हणून पाना_पक्कड यांनी मॅग्नेट असेल तर बुडाला टेप मारावी, आणि चार्जिंग रबरी झाकणाच्या आत यूएसबी-सीचं बघावं किंवा सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर लावावा. दिव्यात धूळ-पाणी शिरतं का ते खोक्यावरच्या आयपी नंबरवरून कळतं, धुळीसाठी आयपी नंतरचा पहिला आकडा 6 पाहिजे. आयपीएक्स4 लिहिलेलं असलं तर ते फक्त पाण्याबद्दल आहे, धुळीबद्दल काही सांगत नाही.

मिल_डिस्टिलरी
यातलं काहीच आमच्याकडं चालत न्हाई. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत स्पिरिटची वाफ असती, तिथं फ्लेमप्रूफ सर्टिफिकेट असलेलाच दिवा लागतोय, साधा हेडलॅम्प गेटवरच काढून ठेवाय लागतोय. तुमच्या फाउंड्रीत मोल्डला स्पिरिटचा कोट मारत असतील तर तिथं विचारून जावा.

चाळिशी_पार
वय किती आहे तुमचं? चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर उताणं पडून वर बघताना वाचायचा नंबर खालच्या भागात राहतो, मग हनुवटी वर करून मान ताणावी लागते. ठणका मानेकडून कपाळात येतो. कामासाठी एकाच, जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. मला त्यानं फार फरक पडला.

पाना_पक्कड
वयाचं कुणी इचारलंय ओ. पण चष्मा दुहेरीच हाय, बघतो ते. कोटिंग मारायची जागा वेगळी हाय, तिकडं दिवा घेऊन जात न्हाई, तरी सेफ्टीवाल्यांना इचारतो. मला आता एवढंच सांगा, सोमवारच्या आत ऑनलाइनचं येणार न्हाई. तवर काय करू?

उजेड_मोजणारा
आत्ताच्याच दिव्याच्या काचेवर मॅट टेप लावा, ती लिहिता येणारी दुधी सेलोटेप, स्टेशनरीत मिळते, चकचकीत नको. पहिला एक थर, मग त्यावर दुसरा आडवा. भिंतीपासून हातभर उभं राहून बघा, मधला गोळा मोडला की थांबा. मोड सगळ्यात खालचा किंवा मधला ठेवा, वरच्या मोडला काच तापून टेप वितळते. पसरट उजेडानं हेल्मेटची कड किंवा चष्म्याची फ्रेम उजळायला लागली तर दिवा थोडा पुढं कलता करा.

दुसरं, पेन्सिल उजेडात जोरात हलवून बघा. एका पेन्सिलीच्या वेगवेगळ्या चार-पाच पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे, कमी मोडला उजेड कमी करायला स्वस्त सर्किट तेच करतं. फिरणाऱ्या मशीनजवळ असा दिवा वापरूच नका. लेथचा चक किंवा कपलिंग ठराविक वेगाला थांबल्यासारखं दिसतं आणि माणूस हात घालतो.

नवीन घेताना "40 तास चालतो" यावर जाऊ नका. तो आकडा एएनएसआय एफएल1 या बॅटऱ्या मोजायच्या पद्धतीनं काढतात, तिच्यात उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. कॉन्स्टंट किंवा रेग्युलेटेड, म्हणजे उजेड एकसारखा ठेवणारा, असं लिहिलेलं बघा.

पाना_पक्कड
टेप लावली. दोन थर बसले. कन्व्हेअरच्या टेल पुलीचं बेअरिंग बघताना ग्रीस निपलपासनं बाजूच्या बोल्टापतुर सगळं एकसारखं दिसालंय, आधी नुसता निपल चमकायचा. पेन्सिलीचं बघितलं, खालच्या मोडला चार दिसाल्यात. हुपरीकरांनी सांगितलं तसं सेलचं वजन करून आणलं, एक 27 ग्रॅम आणि दुसरा 29. दोन्ही ई-कचऱ्यात देतोय. जत्रा झाल्यासारखं वाटालंय पण कळालं, आभार सगळ्यांचे.

आता घेणार तो एल आकाराचा, दुधी काच, 5000 केल्विनच्या आतला, सेल बाहेर निघणारा, आणि एक जादा सेल. पॅनलला काकांच्या म्हणण्यापरमाणं प्लास्टिकचा छोटा ट्रिपल-एवाला वेगळा ठेवतो. फक्त पट्टा हेल्मेटवरनं वर सरकतोय, त्याला काय करायचं? बाजूला भोकं पाडून नट-बोल्टनं बसवू का?

थ्री_फेज_काका
भोक अजिबात पाडू नका, हेल्मेटची ताकद जाते आणि सेफ्टीवाले ते हेल्मेट बाद करतील. हेल्मेटच्या कडेला अडकवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, चार लागतात, पट्टा त्यांच्यातून ओवायचा. आतल्या बाजूला रबराची रेघ असलेला पट्टा आणखी चांगला.

गॅरेज_उद्यमनगर
क्लिपा उद्यमनगरात सेफ्टीचं सामान विकणाऱ्याकडं असतात. हेल्मेट घेऊन जावा, कडेची जाडी बघून देतील.