कोच गेला तर कोण, आणि मुळात ‘कोच’ला म्हणायचं काय?

फोंड्याहून :

मंडळी, आधी माझी चूक सांगतो. मी एका दैनिकाच्या क्रीडा पानासाठी भाषांतर करतो. मागे एका रात्री युरोपातल्या एका संघाची बातमी आली. इंग्रजीत ‘मॅनेजर’ होतं, पान सोडायची घाई होती, मी ‘व्यवस्थापक’ करून मोकळा झालो. मथळा छापून आला, ‘राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक बदलणार?’ सकाळी सातला फर्मागुडीच्या आमच्या एका काकांचा फोन. “अरे, बॅगा मोजणाऱ्या माणसानं काय बिघडवलं रे तुमचं?”

काका क्रिकेटवाले. त्यांच्या लेखी संघाचा व्यवस्थापक म्हणजे तिकिटं, हॉटेलच्या खोल्या आणि सामान बघणारा. चूक त्यांची नाही, मराठीत खेळाच्या पानावर त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. फुटबॉलचा इंग्रजी मॅनेजर मात्र अकरा जण निवडतो, डावपेच ठरवतो आणि हरल्यावर पहिला घरी जातो.

यात आणखी भर पडली १४ ऑक्टोबर २०२५ ला. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत फुटबॉलमध्ये सिंगापूरकडून १-२ हरला ती रात्र मी वरच्या बाजारात, टीव्ही असलेल्या एका चहाच्या दुकानात काढली. आपल्या छांगटेनं चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा दुकानदारानं भजी तळायची सोडून झारा हवेत नाचवला होता. मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी झाली, उत्तरार्धात दुसरा गोल बसला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. मग सुरू झालं. एक म्हणतो, “काड रे ताका!” म्हणजे कोचला काढा. दुसरा म्हणतो, “काडून हाडटलो कोणाक?” काढून आणणार कुणाला? तासभर मी नुसता शब्द टिपत बसलो. कोच, ट्रेनर, सर, बॉस, एकदा ‘मास्तर’सुद्धा. ‘प्रशिक्षक’ एकदाही नाही. तो शब्द फक्त आमच्या पानावर राहतो की काय?

तर विचारायचं असं, की या माणसाला मराठीत नेमकं काय म्हणावं? आणि ‘स्ट्रगलिंग मॅनेजर’चं काय करायचं? आमच्या एका नव्या मुलानं ‘संघर्षरत प्रशिक्षक’ लिहिलं होतं.

डिचोलीहून :

संघर्षरत म्हटलं की मला हातात फलक घेऊन आझाद मैदानावर बसलेला माणूस दिसतो. संघर्ष कुणाशी तरी करायचा असतो. ज्याचं काही जमेनासं झालंय तो संघर्ष करत नाही, तो चाचपडतो. ‘चाचपडणारा संघ’ लिहा, अंधार आपोआप येतो त्यात. माणूस असेल तर ‘अडचणीत आलेला’ पुरे.

प्रशिक्षक हा शब्द वाईट नाही. शिक्षक, शिक्षण, प्रशिक्षण, सगळी एकाच घरातली माणसं. संस्कृतात ‘शिक्ष्’ म्हणजे ‘शक्’चं इच्छारूप, जमावं अशी इच्छा धरणं. जमेलच असं धातू म्हणत नाही.

म्हापशाहून :

आणि ‘शिक्षा’ही त्याच घरातली ना, सर? ती मात्र कोचलाच.

मडगावहून :

मी त्या रात्री स्टेडियमातच होतो. पण शब्दाबद्दल बोलतो.

आपण इंग्रजीच्या खिडकीतून बघतो म्हणून मॅनेजर की कोच एवढंच दिसतं. गोव्यात दुसरी खिडकी होती. माझे आजोबा लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले, घरी मराठी, कागदपत्रं पोर्तुगीज. क्लबाच्या कोचला ते ‘त्रेनादोर’ म्हणत, पण पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाच्या माणसाला कधीच नाही. तो ‘सेलेसिओनादोर’. निवडणारा. स्पॅनिशमध्ये तसंच, फ्रेंचमध्येही त्याला ‘सेलेक्सिओनेर’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं आजोबा उगाच दोन शब्द वापरतात.

आता कामाकडे बघा. क्लबाच्या कोचला खेळाडू रोज सकाळी मैदानावर मिळतो. राष्ट्रीय संघाच्या माणसाला तो वर्षातून चार-पाच वेळा, सामन्याच्या थोडे दिवस आधी मिळतो, तोही थकलेला आणि आपापल्या क्लबाच्या सवयी घेऊन आलेला. एवढ्यात प्रशिक्षण कसलं देणार? त्याचं खरं काम घरी बसून सामने बघणं आणि तेवीस नावं लिहिणं. म्हणजे निवडकर्ता. क्रिकेटमुळे आपल्या डोक्यात निवड समिती एकीकडे आणि प्रशिक्षक दुसरीकडे असं बसलंय. इंग्लंडमध्येही पूर्वी तसंच होतं. वॉल्टर विंटरबॉटम १९४६ ते १९६२ राष्ट्रीय संघाचे मॅनेजर होते, पण संघ निवडायची समिती. पुढे आल्फ रॅम्झी आले ते निवड माझ्याकडेच हवी असं सांगून, आणि १९६६ चा विश्वचषक त्यांनी जिंकला.

जाता जाता, आजोबा समोर कोच आला तर त्याला ‘मिस्तर’ म्हणत. स्पेन, इटली, पोर्तुगालमध्ये आजही खेळाडू कोचला तसंच हाक मारतात, जुन्या इंग्रज कोचांची ती उरलेली सावली.

फोंड्याहून :

मडगावकर, हे वाचून माझी टपरीवरची वही परत उघडली. ज्याला जो शब्द तोंडी होता, त्याप्रमाणेच त्याचा उमेदवार होता!

‘मास्तर’ म्हणणारे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं, पोरांना पाय कसा लावायचा तेच येत नाही, आधी शिकवणारा आणा. त्यांच्या तोंडी सतत सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे शाळामास्तर, १९५६ ला मेलबर्नला ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक आणि १९६२ ला जकार्त्यात आशियाई सुवर्ण. ‘बॉस’ म्हणणारा पोरगा एफसी गोवाच्या जर्सीत, त्याला बाहेरचा हवा, युरोपातला, ज्याला बघून ड्रेसिंग रूम गप्प बसेल. आणि ‘सर’ म्हणणारे दोघे जुने धेंपो क्लबवाले. त्यांचं एकच पालुपद, आपला माणूस आणा. आर्मांद कुलासोंनी धेंपोला पाच वेळा देशाचा विजेता केलं, २०११ ला त्यांच्या हातात राष्ट्रीय संघ दिला आणि किती दिवस राहू दिला? त्यांच्यामागून सावियो मेदेरा आले. त्याच वर्षाच्या शेवटी दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी परत परदेशी माणूस. मेदेरांनंतर भारतीय माणूस बसला तो थेट ऑगस्ट २०२५ ला, खालिद जमील. मध्ये तेरा वर्षं गेली.

निवडणारा हवा असं मात्र टपरीवर कुणीच म्हटलं नाही. तो शब्दच कुणाकडे नव्हता.

पेडण्याहून :

नव्या शब्दाची हौस असेल तर माझा घ्या, सारथी. कोच म्हणजे मुळात गाडीच. हंगेरीत ‘कोच’ नावाचं गाव आहे, तिथल्या घोडागाड्यांवरून इंग्रजीत शब्द आला. मग ऑक्सफर्डची मुलं परीक्षेतून पार नेणाऱ्या खाजगी मास्तरला थट्टेनं गाडी म्हणू लागली, तोच पुढे खेळात शिरला. मॅनेजरही घोड्यांचाच, इटालियनमध्ये घोडा हाताळण्याचा शब्द. म्हणजे दोघेही तबेल्यातले. मग सारथी का नको? स्वतः शस्त्र न धरता रथ नेतो.

डिचोलीहून :

पेडणेकर भाऊ, व्युत्पत्ती झकास, शब्द नको. सारथी रथावर बसलेला असतो, बाण त्याच्याही अंगावर येतात. फुटबॉलच्या कोचनं पांढऱ्या रेषेच्या आत पाय टाकला तर पंच कार्ड काढतो. शिवाय ‘भारताचा सारथी बदलणार’ असा मथळा वाचून लोक दिल्लीकडे बघतील.

साखळीहून :

मला काढण्याच्या शब्दांबद्दल विचारायचंय. पेपरात कधी गच्छंती, कधी हकालपट्टी, कधी उचलबांगडी. सगळं एकच का?

डिचोलीहून :

एक नाही, ताई. याच्यावरच खरं लिहायला हवं.

उचलबांगडी म्हणजे चौघांनी हात-पाय धरून माणसाला उचलून नेणं. त्यात तो तंगड्या झाडतोय हे चित्र आहे. ज्याला जायचं नव्हतं आणि ज्याचा करार बाकी होता, त्याच्यासाठी हा शब्द. भारताचे कोच इगोर श्टिमाच यांचं जून २०२४ ला झालं ते हेच. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो, मग दोह्यात कतारकडून, तिथला एक गोल तर चेंडू रेषेबाहेर जाऊन आलेला. तरी विश्वचषकाची पात्रता गेली ती गेलीच, आणि फुटबॉल महासंघानं त्यांना उचललं.

गच्छंती सौम्य. संस्कृतात ‘गच्छन्ति’ म्हणजे ‘ते जातात’, अनेकवचन. मराठीनं त्याचं नाम केलं आणि एकट्या माणसाला लावलं. पण कोच गेला की त्याचे सहायकही बहुधा जातात, तेव्हा अनेकवचन अगदीच फुकट नाही. हकालपट्टीत अपमान आहे, तो गुन्हा केलेल्यासाठी राखून ठेवावा. सामने हरणं हा गुन्हा नव्हे. ‘पायउतार’मध्ये माणूस आपणहून घोड्यावरून उतरतो. आणि ‘नारळ देणे’ आपल्याकडे जपून वापरावं, सध्याचा भाव बघता तो निरोप महाग पडेल.

सगळ्यात मजेचा शब्द राजीनामा. आज आपण तो एकाच्या बाजूनं वापरतो, ‘त्यानं राजीनामा दिला’. पण फारसीत राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे कबुलीचा, संमतीचा कागद. त्यांच्यानंतरचे कोच मानोलो मार्केझ जुलै २०२५ ला गेले तेव्हा सगळ्या बातम्यांत ‘परस्पर संमतीने करार संपुष्टात’ असं लांबलचक वाक्य होतं. त्याला जुन्या अर्थानं एकच शब्द पुरला असता, राजीनामा! आता मात्र तसं लिहिलं तर चूक ठरेल, कारण वाचक आजचाच अर्थ घेणार.

मडगावहून :

मार्केझ यांचं नाव काढलंत म्हणून. ते एकाच वेळी एफसी गोवाचेही कोच होते आणि देशाचेही. वर्षभर आम्हा गोंयकारांना अभिमान होता, पण नेमकं कशाचा ते कळत नव्हतं. क्लबासाठी मे २०२५ ला सुपर कप जिंकला. देशासाठी आठ सामन्यांत एक विजय, तो मालदीवविरुद्ध, शिलाँगला. तोच माणूस, तीच वही. क्लबात तो त्रेनादोर होता, देशाकडे सेलेसिओनादोर. माझा मुद्दा याहून चांगला कुणी सिद्ध केला नसता.

म्हापशाहून :

सरकारी भाषेत त्याला ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणतात.

फोंड्याहून :

हे मी छापणार आहे, नाव न घेता.

आणखी एक अडचण आहे. मधल्या काळात बसवलेल्या माणसाला आम्ही ‘हंगामी प्रशिक्षक’ लिहितो. फुटबॉलमध्ये ‘हंगाम’ म्हणजे स्पर्धेचं वर्ष. एका वाचकानं विचारलं, हा एका हंगामापुरता की नवा मिळेपर्यंत? ‘काळजीवाहू’ सरकारलाच शोभतो. ‘प्रभारी’ बरा, पण आमच्या तालुक्यात प्रभारी म्हणजे पोलीस ठाण्यातला.

साखळीहून :

‘तात्पुरता’ का नाही? सगळ्यांना कळतो.

फोंड्याहून :

खरंच की. इतका सरळ शब्द कसा सुचला नाही, ताई? तात्पुरता घेतला.

मुख्य शब्दाचं माझ्यापुरतं असं ठरवतोय. बोलण्यात कोच, त्याला हात लावायचा नाही, तो आता आपलाच आहे. मथळ्यात प्रशिक्षक. व्यवस्थापक कायमचा बॅगांकडे परत. आणि राष्ट्रीय संघाबद्दल लिहिताना बातमीच्या पोटात कुठेतरी एकदा तरी ‘निवड’ हा शब्द आणायचा, म्हणजे कुणाला आणायचं यावर भांडणाऱ्याला कळेल की तो कशासाठी माणूस शोधतोय. निवडकर्ता मात्र मथळ्यात अजून धजत नाही, लोक म्हणतील क्रिकेटची बातमी चुकून इथे आली.

मडगावहून :

धजा हो. पन्नास वर्षांपूर्वी प्रशिक्षक तरी कुणाच्या तोंडी होता?

फोंड्याहून :

आजही नाही, तीच तर माझी तक्रार होती! काल रात्री परत त्याच दुकानात गेलो. मुद्दाम म्हणालो, “मास्तर, आपल्या संघाला निवडकर्ता कोण हवा?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “म्हणजे कोच ना? मग तसं बोल की बाबा.”