अनुभव धागा: जमिनीत पुरलेला तांब्याचा जुना पाइप गळतो तेव्हा

पाणकणीस
परवा आमच्या रस्त्यावर एका घरापुढे चर खणलेला दिसला. तळाशी हिरवट पडलेला तांब्याचा पाइप, त्याला चिकटलेली काळी राख. बघितलं आणि जुनं सगळं आठवलं. इथे इंग्लंडात आपल्यापैकी खूप जणांची घरं १९५०-६० च्या सुमाराची आहेत, तर माहिती एका जागी जमावी म्हणून हा धागा.

आधी गळती कुठे आहे ते ठरवा, कुदळ नंतर. घरातले सगळे नळ आणि मशीन बंद, फ्लशच्या टाक्या भरलेल्या. बाहेरचा मीटर बघा. फिरतोय? मग किचन सिंकखालचा स्टॉपकॉक (घरात येणारं पाणी बंद करायचा मुख्य नळ) बंद करा. तरी मीटर फिरत राहिला तर गळती पुरलेल्या पाइपात. थांबला तर घरात. रात्री सामसूम असताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्टॉपकॉकवर आणि मूठ कानाला लावली तर सूंऽऽ असा आवाज येतो, तोही पुरावा धरा.

हद्दीवरच्या स्टॉपकॉकपासून आतला पाइप घरमालकाचा. तरी खणायच्या आधी पाणी कंपनीला फोन कराच, काही कंपन्या आपल्या भागातली गळती शोधायलाही मदत करतात.

ती काळी राख महत्त्वाची. पूर्वी चर बुजवायला कोळशाची राख आणि क्लिंकर (जळक्या कोळशाचे खडे) सर्रास वापरत. ओल लागली की ती तांब्याला बाहेरून खाते. अशा पाइपाला एक भोक दिसलं तर पुढची तयार होत असतात. तेव्हा राख दिसली तर तुकडा जोडत बसू नका, पूर्ण लांबी बदला.

भिंगरी
वाचतेय. पोळ्या चालू आहेत, नंतर सविस्तर.

टेक्सासची_तुळस
इकडे पाइप अंगणात नाही, घराखालच्या काँक्रीट स्लॅबमध्ये. गरम पाण्याची लाइन फुटली की फरशीचा एकच पट्टा कोमट लागतो, मांजर तिथेच जाऊन बसतं. खात्रीसाठी वॉटर हीटरवर येणारा व्हॉल्व्ह बंद करा. मीटर थांबला तर गरम लाइन.

फोडण्याआधी गराजच्या फरशीवर शिक्का शोधा. पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर आत ताणलेल्या केबल असतात, त्या शोधून खुणा केल्याशिवाय करवत लावायची नाही. केबल तुटली तर जीव जाऊ शकतो. अंगणात खणायचं असेल तर आधी ८११ ला फोन, जमिनीतल्या वायरी-पाइपांच्या खुणा करून देतात. फुकट असतो.

स्लॅबखाली सोल्डरचा जोड नको, ब्रेझिंग (जास्त तापमानाला केलेला, सोल्डरपेक्षा मजबूत जोड) हवं. तेही एकदाच. दुसऱ्यांदा गळलं तर ती लाइन दोन्ही टोकांना बंद करून पेक्स (लवचीक प्लास्टिकचा) पाइप भिंतीतून किंवा माळ्यावरून फिरवा. आणि दाब मोजा! ८० पीएसआयच्या (पौंड दर चौरस इंच) वर असेल तर प्रेशर रेग्युलेटर बसवल्याशिवाय कुठलीच दुरुस्ती टिकत नाही.

कोथरूडचा_मिस्त्री
आपल्याकडे पुरलेलं तांबं क्वचित. इथे भिंतीतला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. त्याचंही लिहितो, आईवडील इथे असलेल्यांना उपयोग होईल.

गंजलेल्या जीआयला पाना लावून जोर दिला की जो जोड उघडायचाय तो उघडत नाही, आतला पुढचा एल्बो तुटतो. म्हणून जुनी लाइन भिंतीतच मरू द्यायची. गच्चीवरून नवी सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारं प्लास्टिक) लाइन बाहेरून आणायची. नळाच्या तोंडाशी पितळी आट्यांचं फिटिंग, त्यावर फक्त टेफ्लॉन टेप. सुतळी-सफेदा (आट्यांवर लावायचा तेलातला पांढरा रंग) सीपीव्हीसीला लावू नका, तेलाने प्लास्टिकला बारीक तडे जातात. सोल्युशन (सीपीव्हीसीचा डिंक) लावून पाइप पाव फेरा फिरवत आत ढकला, तीस सेकंद दाबून धरा, रात्रभर पाणी सोडू नका. प्लास्टर करायच्या आधी चालू दाबाच्या दीडपट दाबाने चाचणी घ्या. टाइल बसल्यावर कळून काय उपयोग.

आजोळ
@पाणकणीस ताई, आमचा पाइप राखेत नाही, चांगल्या मातीत आहे. फावडं लागून चेपला आणि चीर गेली. तरी पूर्ण बदलायचा?

पाणकणीस
नाही हो, मग तुकडा पुरे. माप मात्र आधी घ्या. साधारण १९७० च्या आधीचा पाइप इंची मापाचा. अर्धा इंची पाइपाला १५ मिमीचं फिटिंग चालतं, एक इंचीला २८ चं. पाऊण इंचीच फसवतो: तो २२ मिमीपेक्षा किंचित बारीक असतो, २२ चं नट आवळलं की घट्ट वाटतं आणि महिन्याभरात झिरपायला लागतं. त्याला पाऊण इंचीची वेगळी ऑलिव्ह रिंग (नटाखाली दबून पाइपाला घट्ट बसणारी धातूची कडी) मिळते.

दुसरं, सिंकखाली वापरतो ती साधी कॉम्प्रेशन (नट आवळून बसवायची) फिटिंग जमिनीत चालत नाहीत. तिथे बी प्रकारची लागतात, पाइपाचं तोंड फुलवून बसवायची. पितळ ‘सीआर’ (न गंजणारं) शिक्क्याचं घ्या, साध्या पितळातलं जस्त ओल्या मातीत निघून जातं आणि उरतो तो ठिसूळ सांगाडा.

भिंगरी
आले. सगळ्यांच्या लिहिण्यातून राहिलेली गोष्ट: अर्थिंग. जुन्या घरांत विजेची अर्थ वायर कधीकधी याच पाइपाला बांधलेली असते. पाइप कापला की अर्थ तुटतो, आणि दोन टोकांना दोन हात लागले तर झटका बसू शकतो. कापण्याआधी दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावून १० चौरस मिमीची तांब्याची वायर आडवी जोडा, काम संपल्यावरच काढा. प्लास्टिकचा पाइप टाकणार असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे टाळण्यासारखं नाही.

टेक्सासची_तुळस
भिंगरी, अगदी. इथेही तेच, पाइप प्लास्टिकचा झाला की वेगळा अर्थ रॉड ठोकावा लागतो.

आजोळ
बापरे, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद भिंगरीताई.

रानजाई
थोडं अवांतर. आमच्या टबमध्ये नळाखाली निळसर-हिरवा डाग पडतो. तांब्याच्या तांब्यातलं पाणी आजी प्यायला लावायची, मग हे वाईट का?

कोथरूडचा_मिस्त्री
आजी त्याच तांब्यात ताक ठेवू देत नव्हती ना? तेच कारण. आंबट पदार्थ तांबं विरघळवतो, म्हणून कल्हई. तुमच्या पाण्याचा पीएच कमी, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तर तो पाइपाला आतून खातोय. पाण्यातल्या तांब्याला जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम. पाणी तपासून घ्या. तोवर सकाळचं पहिलं, रात्रभर साठलेलं पाणी झाडांना, आणि स्वयंपाकाला गरम नळाचं पाणी घेऊ नका.

रानजाई
ओह, कल्हई! पटलं. आमच्या पेठेत कल्हईवाला यायचा, नवसागराचा तो वास…

भिंगरी
नवसागर 😍 आता मिळतो का कुठे?

टेक्सासची_तुळस
घरातल्या जोडांबद्दल एक. सोल्डर करताना पाइपात पाणी ठिबकत असेल तर जोड धरतच नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. साध्या पांढऱ्या पावाचा कडा काढलेला गोळा आत सारा, काम होईपर्यंत पाणी अडवतो, नंतर विरघळतो. तो बाहेर पडेपर्यंत नळाची जाळी काढून ठेवा. ज्योत फिटिंगवर धरायची, सोल्डरवर नाही. आणि सोल्डर शिशाविरहितच. अमेरिकेत १९८६ पासून पिण्याच्या पाण्याला शिशाच्या सोल्डरला बंदी आहे, त्याआधीच्या जोडांत असू शकतं.

आजोळ
शिशावरून आठवलं. चरात एका टोकाला करडा, मऊ पाइप लागलाय. नखाने ओरखडला की चकाकतो.

पाणकणीस
थांबा! ते शिसंच. पाण्याच्या वाटेत त्याच्या अलीकडे नवं तांबं जोडू नका. दोन धातू एकत्र आले की शिसं जास्त सुटतं, इथल्या नियमांनाही ते चालत नाही. आता तुकड्याचा विचार सोडा. पाणी कंपनीला सांगा, तुम्ही तुमच्या बाजूचं शिसं काढलंत तर बऱ्याच कंपन्या रस्त्याकडचं त्यांच्या खर्चाने बदलतात.

नवा पाइप निळा एमडीपीई (जमिनीत पुरायचा प्लास्टिकचा) २५ मिमी, मधे एकही जोड नको. टोकाला फिटिंगमध्ये घालताना आत प्लास्टिकची नळी, म्हणजे इन्सर्ट, विसरलात तर पाइप दबून निसटतो. खोली ७५० मिमी ते १३५० मिमी, थंडीत गोठू नये म्हणून. तळाला आणि वर १०० मिमी वाळू, मग माती. घराच्या भिंतीतून डक्टमधून (बाहेरच्या मोठ्या नळीतून) आत घ्या.

आजोळ
मुलांच्या खेळायची वाळू चालेल? गराजमध्ये पडून आहे.

पाणकणीस
चालेल, दगड नसले की झालं. बुजवण्याआधी कंपनीच्या तपासनिसाला उघडा चर बघायचा असतो, तारीख आधी घ्या. आणि भिंतीपासून टेप धरून फोटो काढून ठेवा.