नॅशनल पार्कमध्ये निवांत सुट्टी कशी घालवता?

निवांत:
चार दिवस सुट्टी मिळतेय आणि डोकं पार शिणलंय, म्हणून एखाद्या राष्ट्रीय उद्यानात जायचं म्हणतोय, पण मागच्या वेळी दोन दिवसांत तीन पार्क केले आणि गाडीत बसूनच कंटाळलो. आराम पण होईल आणि जंगलही बघून होईल असं कसं जमवता तुम्ही?

भटकी:
एकच पार्क धरा आणि तिथेच मुक्काम ठोका. पहाटे उजाडायच्या आत बाहेर पडा, तेव्हा पक्षी भरभरून बोलत असतात, दुपारी उन्हात प्राणी पण सावलीला पडून असतात तर तुम्हीही झोपा की बिनधास्त. मी एकदा पाणवठ्यापाशी तासभर नुसती बसले होते, आधी काहीच नाही, मग एका खंड्याने सूर मारून मासा आणला आणि फांदीवर आपटून आपटून गिळला, अजून डोळ्यासमोर आहे ते. बुकिंग मात्र आधी बघा, बऱ्याच पार्कात रोज किती लोक सोडायचे ते ठरलेलं असतं.

पाऊलवाट:
+१. दुर्बीण ८ बाय ४२ ची (म्हणजे आठपट जवळ दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या, अंधुक उजेडातही बरं दिसतं. आणि रात्री टॉर्च, मोबाईल सगळं बंद करून अर्धा तास थांबा, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. अमावस्येच्या आसपास गेलात आणि आभाळ मोकळं असेल तर आकाशगंगा दिसते.

निवांत:
अमावस्येचं डोक्यातच नव्हतं, तारखा तशाच धरतो. थँक्यू दोघांनाही!